सहा दिवस काय केलंस

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, ६ नोव्हेंबर १९४९

ती. अक्कास गुंडोचा नमस्कार.

भाऊबीजेला तू आली नाहीस. मुरगूडची मोटार उशिरा येत असेल म्हणून मी दोनदा स्टँडवर जाऊन आलो. लीलानं तुझं पान मांडून ठेवलं होतं, ते संध्याकाळी तिनंच उचललं. दुसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं, की शाळेत तपासणी आहे. दिवाळीच्या सुट्टीत कसली तपासणी, हे मला कळलं नाही. पण तू लिहिलंस म्हणजे असेल.

अप्पा होते तेव्हा रविवारी आंघोळी झाल्या की आपल्या दोघांना समोर बसवून विचारायचे, "सहा दिवस काय केलंस?" तू घडाघडा सांगायचीस. मी "शाळेत गेलो" म्हणून तुझ्याकडे बघायचो. अप्पा गेल्यावरही आपण ते पत्रांतून चालू ठेवलं. आजवर मला लिहायला काही ना काही असायचं. आज सकाळपासून कागद पुढ्यात आहे आणि काय लिहावं ते सुचत नाही.

मार्चमध्ये संस्थान विलीन झालं तेव्हा आमचं हिशोबतपासणीचं खातं बंद होणार असं म्हणाले. मग म्हणाले बंद नाही, पुण्याला जाणार. दसऱ्याच्या आधी सगळी दप्तरं बांधली, लॉरीत घातली आणि नेली. माणसं तेवढी राहिली. आम्ही अजून रोज अकराला जातो, हजेरीपटावर सही करतो आणि पाचपर्यंत बसतो. टेबल आहे, दौत आहे, डोक्यावर पंखाही आहे. काम नाही. सुरुवातीला आम्ही एकमेकांशी बोलायचो. आता बोलणंही संपलं. परवा मी टाक धुतला, पुसला आणि पुन्हा धुतला, तेव्हा शेजारचे कारकून म्हणाले, "थोडं उद्यासाठी ठेवा."

नवल हे, की घरी येतो तेव्हा अंग मोडून आलेलं असतं. लीला म्हणते, "फार राबवून घेतात तुम्हाला." मी चहा पितो. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तरी काय? नोकरी गेलेली नाही. पगार मिळतो. मी रोज कामावर जातो. मग मी कामावर आहे की नाही, हे तूच सांग. माझं डोकं चालत नाही.

छंद म्हणशील तर तोच, संध्याकाळी फुटबॉलच्या मॅचला पंच म्हणून उभा राहतो. दिवसभरात तेवढाच वेळ असा, की मी काही करतो आणि ते दुसऱ्याला दिसतं.

तुझा आठवडा कळव. तुझं वाचलं की निदान आपल्या घरात कुणीतरी काम करतंय असं वाटतं.

तुझा
गुंडो


मुरगूड
गुरुवार, १० नोव्हेंबर १९४९

चि. गुंडोस आशीर्वाद.

पत्र वाचून राग आला. बसतो म्हणजे काय? हात रिकामे असले म्हणून डोकं रिकामं असतं का? तुझ्याकडे आता वेळ आहे, तो कुणाकडे नसतो. सकाळी लवकर ऊठ. टायपिंगच्या क्लासात नाव घाल, नव्या सरकारात ते लागणार. आणि लीलाला आजच्या आज सांग. बाहेरून कळलं तर ती तुझ्या गप्प बसण्यावर जास्त चिडेल.

माझं सांगते. तिसरीच्या मुलींचे पाढे या आठवड्यात पुरे झाले. एका कुंभाराच्या मुलीला 'ळ' म्हणता येत नव्हता. शाळा सुटली की मी तिला समोर बसवून घेते, माझ्या जिभेकडे बघायला लावते आणि म्हणून दाखवते. 'बाळ, माळ, काळ.' शुक्रवारी तिला जमला. मग घरी जाताना सगळ्या गल्लीभर ती 'ळ, ळ' करत गेली. एकादशीला भजन होतं. बायकांनी मला सोडलं नाही, एकामागून एक अभंग म्हणायला लावले. परसात वाल लावलेत. संध्याकाळी मोठ्या बायकांचा लिहा-वाचायचा वर्ग असतोच. अंथरुणाला पाठ टेकली की डोळा लागतो.

भाऊबीजेचं मनाला लावून घेऊ नकोस. जमलं नाही, इतकंच.

तुझी
अक्का


शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, २० नोव्हेंबर १९४९

ती. अक्कास नमस्कार.

टायपिंगच्या क्लासात नाव घातलं आणि आठवड्याच्या आत सोडलं. तिथं तासभर तीच चार अक्षरं बडवायची. ऑफिसात लिहायला काही नाही, आणि इथं लिहिलेलं कुणी वाचणार नाही. उठून आलो.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. गेल्या बुधवारी पेठेतल्या दोन तालमींच्या संघांची मॅच होती. गर्दी पुष्कळ. मॅच रंगात आली होती, गोल कुणावरच नव्हता. मध्येच शिट्टी वाजली. ती मीच वाजवली होती. पण कशासाठी, ते मला आठवेना. कुणी पडलं नव्हतं, कुणाचा हात चेंडूला लागला नव्हता. सगळी पोरं थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. एक जण जवळ येऊन म्हणाला, "काय झालं, पंच?" मला तेच त्याला विचारायचं होतं.

आमच्या ऑफिसचा शिपाई केरबा कडेला उभा होता. तो ओरडला, "सायेब, कुठल्या तरी बाजूला हात दावा की." मी दाखवला. त्या किकवर गोल झाला आणि तोच शेवटपर्यंत राहिला.

हरलेल्या तालमीची माणसं रात्री घरी आली. शिव्या नव्हत्या, पण आवाज मोठे होते. "पंच, शिट्टी का मारलासा, तेवढं सांगा. आमी जातो." मी दारात उभा. तेवढ्यात केरबा धावत आला, मला वाचवायला. म्हणाला, "सायबांस्नी काय बोलू नगासा. त्यांचं डोस्कं ठिकाणावर न्हाय. हापिसात काम न्हाय, काय न्हाय, दिसभर नुस्तं बसून असत्यात. माणसाचं दुसरं काय हुणार?"

लीला माझ्या मागे उभी होती.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. सकाळी नेहमीसारखा डबा भरून दिला आणि विचारलं, "जाणार?"

"हो."

"जाऊन काय करणार?"

"बसणार."

"मग ही तुरीची डाळ न्या. पाचपर्यंत निवडून होईल."

मी हसलो. ती हसली नाही. डाळ मी नेली नाही. पण दुपारी खुर्चीवर बसल्या बसल्या वाटलं, न्यायला हवी होती.

काल आणखी एक झालं. आमचे मुख्य हंबीरराव यांनी आत बोलावलं. वरून हुकूम आलाय. मला कारवारला घेतायत. फेब्रुवारीत तिथं हजर व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. होय की नाही, ते वर्षअखेर कळवायचं आहे. अक्का, इतके दिवस मी काम द्या, काम द्या म्हणून झुरत होतो. ते आलं तर पळून जावंसं वाटलं. कारवारात मी कुणाला ओळखत नाही, भाषा कळत नाही. आणि खरं सांगू का, आता मला काम येतं की नाही याचीच शंका वाटते. ज्या माणसाला शिट्टी का वाजवली ते आठवत नाही, त्यानं हिशोबाचे कागद कसे तपासायचे?

काय करू ते लिही. तू सांगशील ते करीन.

तुझा
गुंडो


मुरगूड
गुरुवार, २४ नोव्हेंबर १९४९

चि. गुंडोस आशीर्वाद.

कारवारला जा. यात विचारण्यासारखं काय आहे? काम नाही म्हणून रडत होतास, आता आहे म्हणून रडतोस. भाषा कानावर पडली की येते. लीला हुशार आहे, ती तुझ्याआधी शिकेल.

शिट्टीचं एवढं मनावर घेऊ नकोस. असं होतं माणसाचं. वर्गात बोलता बोलता मीही कधी थांबते. शब्द तोंडाशी असतो आणि येत नाही. मुली वाट बघतात. मग येतो. घाबरायचं नाही, इतकंच.

या आठवड्यात वालाला फुलं आली. मोठ्या बायकांच्या वर्गात दोघी सही करायला शिकल्या. शाळेत गॅदरिंगची गाणी बसवतेय. चाळीस मुलींचा सूर एका ठिकाणी आणायचा म्हणजे दिवसभर म्हणून दाखवावं लागतं. तेव्हा माझी काळजी नको. आणि रिकामा आहेस म्हणून मुरगूडला येत बसू नकोस. मला सवड नसते, तू आलास तर दोघांचाही दिवस फुकट जाईल.

होकार कळवलास की मला लिही.

तुझी
अक्का


शिवाजी पेठ, कोल्हापूर
गुरुवार, १ डिसेंबर १९४९

ती. अक्कास,

परवा तुझ्यासमोर मला काही बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

मंगळवारी मी डबा घेऊन ऑफिसला निघालो आणि स्टँडवर जाऊन पोचलो. कसा, ते सांगता येणार नाही. मोटार लागली होती, चढलो. तू नको म्हणाली होतीस, ते कागलच्या पुढे गेल्यावर आठवलं.

आधी शाळेत गेलो. म्हटलं, दारातून तुझा वर्ग बघावा, तू गाणी कशी बसवतेस ते ऐकावं. तुझ्या खुर्चीवर एक कोवळी बाई बसली होती. मी तुझं नाव घेतलं तर पुढच्या मुलीनंच उत्तर दिलं, "कालिंदीबाई गणपतीपासनं येत न्हाईत." मला वाटलं, मी चुकीच्या शाळेत आलोय. बाहेर येऊन पाटी वाचली. शाळा तीच होती.

तुझ्या घराच्या वळणावर शेजारच्या धोंडुबाई भेटल्या. मी त्यांना विचारायच्या आधीच म्हणाल्या, "बाईंच्याकडं आलासा व्हय? त्या बोलत न्हाईत, पावणं. आवाज गेलाय त्यांचा. घरात कुणाला ठावं न्हाय?"

तू उंबऱ्यात बसली होतीस. हातात काही नव्हतं. तुला असं रिकाम्या हातानं बसलेली मी जन्मात पाहिली नाही. मला बघून तू उठलीस, तोंड उघडलंस, ओठ हलले, आणि नुसती हवा आली. जी बाई मला पत्रातून खडसावते, टायपिंग शीक म्हणते, तिच्या तोंडातून नुसती हवा. मग आत जाऊन पाटी आणलीस आणि लिहिलंस, "आज ऑफिस नाही?" मी तुझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, "नाही." मला तोंड होतं, पण मीही लिहिलं. असं का केलं, मला कळत नाही.

मग दिवसभर आपण बसलो. संध्याकाळच्या मोटारीपर्यंत पाटीवर काय काय लिहिलं, पुसलं, त्यात कामाचं काहीच नव्हतं. येताना मोटारीत मला सगळं आठवत गेलं. भाऊबीज, तपासणी, चाळीस मुलींचा सूर. अक्का, ती कुंभाराची मुलगी खरी आहे का? मला नुसतं तेवढं कळलं तरी चालेल.

माझं ठरलं. मी कारवारला जात नाही. हंबीररावांना सोमवारी सांगतो. तुला इकडे घेऊन येतो आणि मिरजेच्या डॉक्टरांना दाखवतो. लीलाही हेच म्हणते. तिनं माजघर रिकामं करायला घेतलंय.

तुझा
गुंडो


मुरगूड
रविवार, १८ डिसेंबर १९४९

चि. गुंडोस आशीर्वाद.

तुझं ते पत्र आणि त्यामागची दोन, तिन्ही आली; हंबीररावांना अजून काही सांगितलं नाहीस, तेही कळलं. उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते. पहिल्यांदाच असं झालं, की लिहायचं काय ते मला माहीत नव्हतं.

कुंभाराची मुलगी खरी आहे. तिला 'ळ' जमला तोही खरा. पण तो गेल्या वर्षी. भजनही गेल्या वर्षीचं. वाल मात्र यंदाचे.

गणपतीच्या सुमारास घसा बसला. वाटलं, ओरडून बसला असेल, सुटेल. मी काढे घेतले, हळद घेतली, शाळेत खुणांनी शिकवलं. मुली आधी हसल्या, मग ऐकेनाशा झाल्या. हेडमास्तर भले माणूस, म्हणाले, "बाई, रजा घ्या, बरं वाटलं की या." तेव्हापासून घरी आहे. सकाळी उठते, अंगण झाडते, आणि नऊ वाजेपर्यंत माझा दिवस संपतो. पुढे काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलेलं नाही. तुला मी लिहिलं, बसतो म्हणजे काय? ते लिहिताना मी उंबऱ्यात बसले होते.

खोटं का लिहिलं याचा विचार केला. तू तुझा आठवडा रिकामा म्हणून लिहिलास, तेव्हा मी माझाही लिहू शकले असते. पण मग तुला कुणी रागावायचं? आणि दुसरं म्हणजे, कागदावर माझा आवाज शाबूत होता. पत्र लिहीपर्यंत मला घशाचं भान राहायचं नाही.

मिरजेला मी एकदा जाऊन आले आहे, तुला न सांगता. घशात गाठ आहे म्हणाले. कापून काढता येईल. आवाज येईल, कदाचित येणार नाही, आला तरी पहिला नसेल. मी परत आले. कापलं नाही तोवर तो येईल असं मानता येतं.

आता तुझं. माझा घसा कारवारच्या आड घालू नकोस. तू माझ्यासाठी राहतोयस, की तुला जायचं नाही म्हणून राहतोयस? मला तुझ्याकडून उत्तर नको, मला माहीत आहे की ते तुलाही माहीत नाही. म्हणून सांगते. मी मिरजेला येते. कापायला तयार आहे. तू हंबीररावांना होकार दे. दोघांनाही नको ते दोघांनीही करायचं. दुसरं काही मला सुचत नाही.

तुझी
अक्का


कारवार
रविवार, १२ फेब्रुवारी १९५०

ती. अक्कास नमस्कार.

इथं येऊन आठवडा झाला. ऑफिस समुद्राच्या बाजूला आहे, खिडकीतून वारा येतो आणि कागद उडतात. कागद आहेत. इतके, की पहिल्या दिवशी कुठून हात घालावा कळेना. एका जुन्या कारकुनानं समोर गठ्ठा ठेवला आणि कोकणीत काहीतरी सांगितलं. मला एक शब्द कळला नाही. मी मान हलवली आणि वरचा कागद घेतला. चूक केली असेल तर कुणीतरी सांगेल.

मिरजेचा आठवडा राहून राहून आठवतो. रजा मागायला गेलो तेव्हा हंबीरराव म्हणाले होते, "रजा घ्या की. पण कशातनं घेताय तेवढं मला सांगा." मी होकाराचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघालो. इस्पितळात मी तुझ्या खाटेशी बसायचो. तुला बोलायची बंदी, मला बोलायला काही नाही. समोरच्या खाटेवरच्या बाईनं लीलाला विचारलं, "ह्या दोघांचं भांडण आहे का?" ऑफिसात तितकाच वेळ बसून मी मोडून जात होतो. तिथं मोडलो नाही. दोन्हीकडे मी काहीच करत नव्हतो. यात फरक काय, तो मला अजून सांगता येत नाही.

पण आज लिहायचं ते दुसरंच. निघालो तेव्हा तू लीलाबरोबर स्टँडवर आली होतीस. महिना संपेपर्यंत बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून आमच्या घरीही तू गप्पच होतीस. मी मोटारीच्या टपावर ट्रंक बांधून घेत होतो. मग खाली उतरलो, आत बसलो, मोटार सुटली. तुला हात करायचा राहिला, म्हणून वाईट वाटत होतं.

काल लीलाचं पत्र आलं. ती लिहिते, "वन्सं तुम्हाला हाक मारत होत्या. महिना आदल्याच दिवशी पुरा झाला होता. त्यांनी ती पहिली हाक तुमच्यासाठी ठेवली होती, मलाही सांगितलं नव्हतं. तुम्ही वळून बघितलं नाही."

अक्का, मी ऐकलं होतं. "गुंडू, गुंडू" असं कुणीतरी म्हणत होतं. जाड, घोगरा आवाज. मला वाटलं, कुणी पावणा त्याच्या पोराला बोलावतोय. दोनदा ऐकलं आणि ट्रंकेची गाठ आवळत राहिलो. तुझ्या हाकेला मी जन्मभर ओ दिली, आणि ज्या दिवशी द्यायला हवी होती त्या दिवशी दिली नाही.

काय लिहू, समजत नाही. तू रागावली असलीस तर तसं लिही.

तुझा
गुंडो


मुरगूड
रविवार, १९ फेब्रुवारी १९५०

चि. गुंडोस आशीर्वाद.

लीलानं तुला ते लिहायला नको होतं. मी तिला खूण केली होती. तिनं ती पाहिली नाही, की पाहून लिहिलं, कोण जाणे.

रागावले नाही. थोडा वेळ वाईट वाटलं. मोटार वळणावरून गेली तरी मी उभी होते, लीलानं हात धरून आणलं. पण खरं ऐक. मी पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मीच मागे वळून पाहिलं, की हे कोण बोललं. मागे हमाल बसला होता, तोही माझ्याकडे बघत होता. जो आवाज मला माझा वाटला नाही, तो तुला कसा वाटावा?

अजूनही वाटत नाही. परवा दुधवाली दारात आली, मी आतून "थांब" म्हटलं, तर ती बाहेरच घुटमळत राहिली. तिला वाटलं, घरात कुणी पुरुष माणूस आलाय. धोंडुबाई मात्र म्हणतात, "काय का असंना, बोलतासा न्हवं?"

शाळेतून विचारलंय, पहिलीचा लहान वर्ग घ्याल का. पहिलीच्या पोरी या आवाजाला भितील असं वाटतं. नाही म्हणावं तर पुन्हा उंबरा. उद्या नुसती जाऊन वर्गात बसून येणार आहे. पुढचं तिथं काय होतं ते बघून ठरवीन. आधी ठरवून जाणं मला या दिवसांत जमत नाही.

तू त्या कारकुनाला विचार, कागदाचं काय करायचं ते. मान हलवून किती दिवस काढशील?

उन्हाळ्यात सुट्टी मिळाली की ये. मी स्टँडवर असेन आणि हाक मारीन. ओळखली नाहीस, तर पुन्हा मारीन.

तुझी
अक्का